घरातलं दुसरं मूल

(आपल्या १९८४च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना घाईत राहून गेलेले दोन-तीन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांचं म्हणणं होतं, "तू बँकेत होतीस, निवृत्तीनंतरच्या गुंतवणुकीवर बोल." मी म्हटलं, त्यावर बोलायला आपल्या तुकडीत दोन सीए आहेत आणि ते माझ्यापेक्षा जास्त वेळ बोलतील. मला वीस मिनिटं देणार असाल तर मी वेगळ्याच विषयावर बोलेन. विषय सांगितल्यावर पलीकडे क्षणभर शांतता झाली. मग उत्तर आलं, "बोल. आमच्याही घरात ऐकणारे आहेत."

विषय असा, की घरात एक मूल दिव्यांग असेल तर त्याच्या भावंडांचं काय होतं. त्या मुलाबद्दल आता पूर्वीपेक्षा पुष्कळ बोललं जातं. आईबद्दलही बोललं जातं, आणि बोलायलाच हवं. वडिलांबद्दल थोडं कमी. पण त्याच घरात आणखी एक मूल असतं. ते वेळेवर शाळेत जातं, डबा खातं, पास होतं, कुणाला त्रास देत नाही. त्रास देत नाही म्हणूनच त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. इंग्रजीत अशा मुलांना 'काचेची मुलं' म्हणू लागलेत. काच नाजूक असते म्हणून नव्हे, तर काचेतून आरपार पलीकडचं दिसतं म्हणून. मोठी माणसं त्यांच्याकडे पाहतात आणि त्यांना दिसतं ते मागे उभं असलेलं दिव्यांग भावंड.

मी अशा घरातली. माझा धाकटा भाऊ तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. मधल्या सुट्टीत आजीचा हात धरून फाटकाशी यायचा आणि प्रत्येकाशी शेकहँड केल्याशिवाय जायचा नाही, तोच. तो १९७२चा. त्याला डाउन सिंड्रोम आहे. तेव्हा आपल्या गावात हा शब्द कुणाला माहीत नव्हता. 'मतिमंद' म्हणायचे, आणि तेही आवाज खाली करून. आता 'बौद्धिक अक्षमता' म्हणतात. पुण्यात कामायनी ही अशा मुलांची शाळा १९६४पासून होती, पण त्यासाठी त्याला घरापासून दूर ठेवायला आई तयार नव्हती. म्हणून तो घरीच शिकला, आणि घर म्हणजे आई, आजी, दादा आणि मी.

आता एक गंमत पाहा. दादा सर्वांत मोठा, मी मधली. पण तुमच्या माहितीत असं घर असेल तर नीट बघा, तिथे वयाचा क्रम उलटापालटा होतो. आम्ही काही भावंडं गेली सहा-सात वर्षं पुण्यात महिन्यातून एकदा भेटतो. संस्था नाही, नाव नाही, कुणाच्या तरी घरी पोहे-चहा आणि गप्पा. तिथे एक जण त्याच्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आला होता. या मुलाचा भाऊ चौदा वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे, आणि तो याच्या वह्या फाडतो. आई म्हणते, "तू मोठा आहेस ना, समजून घे." मुलगा आम्हाला म्हणाला, "मी मोठा नाहीये. मी तीन वर्षांनी लहान आहे." त्याची तक्रार वह्यांची नव्हती, हिशेबाची होती. त्याला दादा हवा होता, आणि त्यालाच दादा केलं गेलं होतं.

ही मुलं काय काय मनात ठेवतात, हे ती सांगत नाहीत. भीती असते, आणि ती अगदी साधी असते. एका सहा वर्षांच्या मुलीनं भावाच्या पेल्यातून पाणी प्यायचं सोडलं. 'नखरे करते' म्हणून तिला ओरडा बसला. बऱ्याच दिवसांनी आजीनं जवळ घेऊन विचारलं तेव्हा कळलं, की त्याचं उष्टं प्यायलं तर आपलंही बोलणं बंद होईल असं तिला वाटत होतं. कुणी सांगितलंच नव्हतं की हे सर्दीसारखं लागत नाही. का सांगितलं नाही? कारण 'लहान आहे, तिला काय कळतं'. कळत नाही तेव्हा मूल स्वतःच कारण रचतं, आणि ते खऱ्यापेक्षा भयंकर असतं. कुणाला वाटतं मी रागानं 'तू मरत का नाहीस' म्हटलं म्हणून त्याला फिट आली. म्हणून माझं म्हणणं आहे, निदान झालं की त्याच आठवड्यात भावंडांना त्यांच्या वयाच्या भाषेत सांगा. याचं नाव काय, हे कशामुळे झालं, तुझ्यामुळे झालं नाही, तुला होणार नाही. आणि एकदा सांगून काम संपत नाही. सहाव्या वर्षी वेगळे प्रश्न असतात, सोळाव्या वर्षी वेगळे.

लाज हा दुसरा विषय. एसटीत भाऊ मोठ्यानं गाणं म्हणायला लागला की सगळी बस वळून बघायची आणि मी खिडकीबाहेर ऊस मोजायला लागायची. तेराव्या वर्षी लाज वाटते, ती आईची लुगड्याची गाठ सुटली तरी वाटते, भावाचीही वाटणार. त्यात वाईट काही नाही. वाईट तेव्हा होतं जेव्हा त्या मुलीला सांगितलं जातं, 'स्वतःच्या भावाची लाज वाटते? शोभतं का?' मग लाजेच्या वर अपराधीपणाचा दुसरा थर बसतो. माझ्या आईनं हे कधी म्हटलं नाही. ती म्हणायची, "तू पुढच्या सीटवर जाऊन बस, मी बघते." किती सोपं उत्तर होतं ते!

आणि मार्क. आमच्या त्या गप्पांमध्ये एक मुलगी आली होती, दहावीला ९६ टक्के मिळालेली, आणि रडत होती. चार टक्के गेले म्हणून नव्हे. ती म्हणाली, "मला दोघांचे मार्क आणावे लागतात." आईबापांनी तिला तसं कधी सांगितलं नसेल. पण घरातल्या भिंतींनाही माहीत असतं की अपेक्षा कुणाकडून आहे.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, आमचं बालपण म्हणजे दुःखाचा डोंगर. तसं मुळीच नाही, आणि आमच्यावर 'किती सोसलंस गं' असा हात फिरवलेला मला तितकाच आवडत नाही. आमच्या घरात हसणं पुष्कळ होतं. भाऊ झब्बूत लबाडी करतो. पत्ता मांडीखाली सरकवतो आणि चेहरा असा ठेवतो की न्यायाधीशही त्याच्या बाजूनं निकाल देईल. पाहुणा घरातून निघताना चप्पल कुणाची कुठली हे त्याला बरोबर ठाऊक असतं. भाऊबीजेला पूर्वी आई त्याच्या मुठीत दहाची नोट कोंबायची आणि तो ती ताटात टाकायचा. पुढे तो कार्यशाळेत जायला लागला, तिथे पाकिटं आणि पणत्या करतात. पहिलं मानधन मिळालं त्या दिवाळीला त्यानं आईचा हात बाजूला केला आणि स्वतःच्या खिशातून ओवाळणी घातली. तेव्हापासून रक्कम वाढवलेली नाही, पण चुकवलेलीही नाही.

परदेशात या भावंडांसाठी वेगळं काम फार आधी सुरू झालं. अमेरिकेत सिएटलमध्ये डॉन मेयर यांनी १९८२मध्ये 'सिबशॉप' नावाचे मेळावे सुरू केले. मुख्यतः आठ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी. मला त्यातली आवडलेली गोष्ट ही, की तो उपचार नाही. मुलं खेळतात, काहीतरी रांधतात, दंगा करतात आणि मध्येच 'तुझी बहीणपण असं करते?' असं बोलतात. एवढंच. दुसऱ्याच्या घरातही वह्या फाटतात हे कळणं, हाच मोठा फायदा. आपल्याकडे पालकांनी फार मोठं काम केलं. नाशिकला रजनीताई लिमये यांनी स्वतःच्या मुलाच्या निमित्तानं प्रबोधिनी विद्यामंदिर १९७७मध्ये सुरू केलं. पालक संघटना ठिकठिकाणी आहेत. त्यांच्या बैठकांना भावंडांना बोलावतात ते बहुधा सतरंज्या घालायला. हे मी थोडं खवचटपणे म्हणते आहे, पण सतरंज्या घातलेल्या आहेत म्हणून म्हणते आहे.

आता शिक्षक समोर बसले आहेत म्हणून एक गोष्ट सांगते. आठवीत मला वक्तृत्व स्पर्धेला दोन दिवस बाहेरगावी जायचं होतं. घरी भावाचं आजारपण चालू होतं, आजी थकलेली. मी बाईंना परस्पर 'मला जमणार नाही' सांगून मोकळी झाले. बाई संध्याकाळी आमच्या घरी आल्या. आईशी भावाच्या तब्येतीबद्दल बोलल्या, चहा घेतला आणि उठताना म्हणाल्या, "वहिनी, दोन दिवस ही माझी. तुमच्या मदतीला मी आमच्या मावशींना पाठवते." आणि खरंच पाठवलं! स्पर्धेत माझा नंबर आला नाही. पण त्या दोन दिवसांत मी कुणाची ताई नव्हते. बाई, तुम्ही काल म्हणालात तुम्हाला हे आठवत नाही. मला आठवतं. आज ज्या शिक्षकांच्या वर्गात असं मूल असेल त्यांना माझी एवढीच विनंती आहे, त्याला 'भाऊ कसा आहे' विचारण्याआधी त्याचं स्वतःचं काहीतरी विचारा. गणित, क्रिकेट, काहीही.

मग वय वाढतं आणि लग्नाचा प्रश्न येतो. इथे बसलेल्या बायकांना मी सांगायला नको. १९९१-९२ला माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. पत्रिका जुळायची, माणसं घरी यायची, भाऊ सगळ्यांशी शेकहँड करायचा आणि आठ दिवसांनी निरोप यायचा, 'योग नाही.' खरा प्रश्न कुणी तोंडावर विचारत नसे, तो असायचा, 'हे घराण्यात आहे का?' वडील शिक्षक. त्यांनी मुंबईला जाऊन भावाची गुणसूत्रांची तपासणी करून आणली. डाउन सिंड्रोमच्या सुमारे ९५ टक्के मुलांमध्ये २१ क्रमांकाचं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतं. ते घराण्यातून आलेलं नसतं, पेशी बनतानाच तसं घडतं. अगदी थोड्या मुलांमध्ये स्थानांतराचा प्रकार असतो. तो मात्र आईवडिलांपैकी एकाकडून आलेला असू शकतो, म्हणून तपासणी. भावाचा पहिला प्रकार निघाला. वडिलांनी त्या अहवालाच्या प्रती काढल्या आणि पत्रिकेबरोबर पाठवायला लागले. पत्रिकेला गुणसूत्रांचा कागद जोडलेली आपल्या तुकडीतली मी एकटीच असेन. ज्यांच्याशी माझं लग्न झालं ते घरी आले तेव्हा कागदाकडे पाहिलंच नाही, भावाबरोबर झब्बू खेळले आणि हरले. ते आज मागे बसलेत, त्यांना विचारा पत्ता कुठल्या मांडीखाली होता.

पण लग्नाआधीची एक संध्याकाळ मला जास्त महत्त्वाची वाटते. वडिलांनी दादाला आणि मला समोर बसवलं. एक वही काढली. त्यात तीन निवासी संस्थांची माहिती होती, स्वतः जाऊन पाहिलेल्या. खोल्या किती, माणसं किती, जेवण कसं, खर्च किती, दुपारी मुलं काय करतात. ते म्हणाले, "आमच्यामागे याचं काय, याची ही एक सोय आहे. तुम्हाला त्याला सांभाळायचं असेल तर आनंद आहे. नाही म्हणालात तरी तुम्ही आमचीच मुलं. आज उत्तर देऊ नका." मी त्या वेळी बावीस-तेवीस वर्षांची. सगळं गाव मला 'आता तुझ्यावरच गं सगळं' म्हणत होतं. वडील एकटेच असे, ज्यांनी विचारलं. मी 'हो' म्हणायला अकरा वर्षं घेतली. तोपर्यंत नवऱ्याशी बोलले, सासूबाईंशी बोलले, माझी दोन मुलं थोडी मोठी झाली. त्या वहीतल्या एका संस्थेत जाऊनही आले. आज भाऊ आणि आई दोघंही माझ्याकडे असतात, आणि दाराशी आलेल्या माणसाला मी हे सहज सांगू शकते, कारण ते माझ्यावर येऊन पडलेलं नाही.

आमच्या भेटींत मी उलटंही पाहते. आईबापांनी कधी विषयच काढला नाही, मुलांनी भीतीनं विचारलं नाही, आणि वडील गेल्यावर तेराव्याच्या दिवशी नातेवाइकांनी ठरवून टाकलं. बहुतेक वेळा ठरतं ते मुलीवर, किंवा ज्याचं लग्न झालेलं नाही त्याच्यावर, किंवा जो गावातच राहिला त्याच्यावर. बाकीची भावंडं 'आम्ही पैसे पाठवतो' म्हणतात, आणि दोन वर्षांत एकमेकांशी बोलणं बंद. दादा न्यू जर्सीला आहे. त्याचं नि माझं बोलणं बंद झालं नाही, कारण आम्ही एक कागद केला. औषधोपचाराचा खर्च दादाचा. रोजचं माझं. आणि डिसेंबरमध्ये दादा-वहिनी चार आठवडे इथे येऊन राहतात, तेव्हा मी आणि नवरा घराबाहेर. हे चार आठवडे ही मेहरबानी नव्हे, कागदावर लिहिलेलं आहे. दर दिवाळीला कागद पुन्हा वाचतो. लोकांना हे कोरडं वाटतं. मला बँकेच्या नोकरीनं शिकवलंय की लिहिलेलं असलं की प्रेमाला मोकळं राहता येतं.

हा प्रश्न आपल्याच पिढीसमोर इतका मोठा का आला, याचं कारण आनंदाचं आहे. भावाच्या जन्मानंतर डॉक्टर म्हणाले होते, फार वर्षांचा भरवसा नाही. ते तेव्हाच्या ज्ञानाप्रमाणे बोलले. अमेरिकेत १९८३मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचं सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होतं, आज ते ६०च्या घरात आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया आल्या, थायरॉइडवर लक्ष राहू लागलं. त्यामुळे ही माणसं आईवडिलांच्या पश्चात जगतात. भाऊ ५२ वर्षांचा आहे. त्याचं विसरणं सुरू झालंय का, यावर माझं लक्ष असतं, कारण त्यांना अल्झायमर लवकर गाठतो. आईवडिलांपेक्षा भावंडांची सोबतच लांब असते. मग तयारीही त्यांच्याबरोबरच करायला हवी.

शेवटी थोडं कागदपत्रांचं, कारण त्याशिवाय माझी बत्तीस वर्षांची नोकरी वाया जाईल. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे बऱ्याच जणांना बँकेच्या खिडकीशीच कळतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकारी तिचे प्रमुख. तिथे अर्ज करून पालकत्व मिळतं, आणि भावंडांनाही मिळू शकतं. पालक झालं की मालमत्तेची यादी सहा महिन्यांत द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेब. त्याला घाबरू नका, वही ठेवली की झालं. याच न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. आयकराच्या जुन्या पद्धतीत कलम ८०डीडीची ७५ हजारांची वजावट, आणि तीव्र दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची, अवलंबून असलेल्या भावंडासाठीही मिळत आलेली आहे. वडील सरकारी नोकरीत असतील तर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद आहे. पण त्याचं नाव वडील हयात असतानाच नोंदवून घ्या. नंतर दाखले गोळा करताना काय हाल होतात ते मी खिडकीच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहेत. आणि नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. मृत्युपत्र करा. दिव्यांग मुलाच्या वाट्याचं घर 'तू सांभाळशील म्हणून' सरळ दुसऱ्या मुलाच्या नावावर करून टाकण्याआधी वकिलाला विश्वस्त व्यवस्थेबद्दल जरूर विचारा. भावंड कितीही चांगलं असो, ते कर्जात जाऊ शकतं, त्याचा घटस्फोट होऊ शकतो, ते आधी जाऊही शकतं.

आणि हे सगळं करताना ती फाइल घरातल्या दुसऱ्या मुलाला दाखवा. कुठल्या कपाटात आहे, किल्ली कुठे आहे, औषधं कुठली चालत नाहीत, त्याला झोपताना दिवा लागतो की नाही. माझ्या आईनं पाठकोऱ्या कागदावर अशी चार पानं लिहून ठेवली आहेत. त्यातली एक ओळ आहे, 'दही-भात खाल्ल्यावर गार पाणी देऊ नये, हट्ट करील, देऊ नये.'

आमच्या पुण्यातल्या गप्पांना यायचं असेल, किंवा तुमच्या मुला-नातवंडांपैकी कुणाला पाठवायचं असेल, तर जेवणानंतर मी ग्रंथालयाच्या खोलीत बसणार आहे. पालकत्वाच्या अर्जाच्या दहा प्रती आणल्या आहेत, संपल्या तर समोरच्या दुकानातून आणखी काढून आणू. दुपारच्या चहाला भाऊ येतोय. पत्ते घेऊनच येईल. खेळायला बसा, पण पैसे लावू नका.